एकाच नावाचा रस्ता

खेळातूनही ज्ञान मिळते, असे वडीलधारी मंडळी म्हणतात खरी. परंतु ती ज्या खेळांविषयी बोलतात, त्यांत पडद्यावरच्या खेळांचा समावेश सहसा नसतो. म्हणून गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही भावंडे निसरपूरला आजोबांकडे गेलो आणि आमच्या आतेभावाने पेटीतून ‘मारिओ कार्ट’ हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ बाहेर काढला, तेव्हा आजोबांच्या कपाळावर आठ्या पडणार, अशी आमची खात्री होती. घडले ते वेगळेच. त्या खेळातल्या एका रस्त्याने आम्हांला एके दिवशी नर्मदेच्या काठावर नेऊन उभे केले. ती हकीकत येथे सांगण्याचा विचार आहे.

हा खेळ जपानमधील क्योतो येथील निंटेंडो कंपनीचा. 1992 साली त्याची पहिली आवृत्ती निघाली आणि त्यानंतर दर काही वर्षांनी नवी आवृत्ती येत राहिली. प्रत्येक आवृत्तीत बरेच रस्ते नवे असतात. परंतु ‘रेनबो रोड’ म्हणजे इंद्रधनुष्याचा रस्ता या नावाचा एक मार्ग मात्र पुनःपुन्हा येतो. तो बहुधा सर्वांत शेवटी येतो, आकाशात अधांतरी पसरलेला असतो, आणि त्यावरून घसरला नाही असा खेळाडू विरळा. नाव तेच, स्थान तेच. परंतु रस्ता दर वेळी निराळा!

1992 सालचा रस्ता अगदी सपाट होता. त्या काळचे यंत्र एकच चित्रित पृष्ठभाग फिरवून आणि तिरपा करून दाखवी. त्यामुळे चढउतार दाखविणे त्याला साधत नसे. मग अवघडपणा आणावयाचा कसा? करणाऱ्यांनी काठाचे कठडेच काढून टाकले, वळणे काटकोनी केली आणि वाटेत आदळणारे दगडी ठोकळे ठेवले. अशा पाच फेऱ्या पुऱ्या करावयाच्या! साधने तोकडी असली म्हणजे माणूस युक्ती कशी काढतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

1996 साली नवे यंत्र आले आणि त्याबरोबर खरा चढउतारही आला. आरंभीच भली मोठी उतरण, आणि पुढे संपता संपत नाही असा मार्ग. मात्र या वेळी दोन्ही बाजूंना कठडे बांधले होते. त्यामुळे पडण्याचे भय कमी झाले, आणि काळ्याभोर आकाशात पात्रांच्या मुखांच्या रंगीत दीपाकृती पाहत जाण्याची सवड मिळाली. काहींना हा रस्ता फार शांत वाटतो, तर काहींना त्याची ती शांतताच प्रिय आहे.

पुढील आवृत्त्यांचे वर्णन थोडक्यात करतो. 2003 साली रस्त्याखाली रात्रीचे दिव्यांनी उजळलेले शहर आले. 2005 साली रस्ता स्वतःभोवतीच उलटा वळला आणि गाडी डोके खाली करून धावू लागली. 2008 साली खाली प्रत्यक्ष पृथ्वी दिसू लागली. घसरणारा गडी उल्केसारखा पेटून खाली जाई. 2011 साली फेऱ्यांची रीतच मोडली. एकच लांब मार्ग तीन टप्प्यांत विभागला गेला, आणि ग्रहाच्या कड्यावरून व चंद्राच्या खड्ड्यांतून जाण्याची मौज लाभली. 2014 साली अंतराळस्थानक आले. त्याच वर्षी 1996 चा जुना रस्ताही नव्या रूपात परतला. मात्र त्याच्या तीन फेऱ्यांची एकच फेरी झाली होती. 2025 साली निघालेल्या नव्या खेळातही शेवटी हाच रस्ता आहे.

हे सर्व आतेभाऊ आम्हांला मोठ्या उत्साहाने सांगत होता. झोपाळ्यावर बसलेले आजोबा ते ऐकत आहेत, हे आमच्या ध्यानातही नव्हते. एकाएकी त्यांनी विचारले, “अरे, वळणे बदलली, चढ बदलले, कठडे आले नि गेले, लांबीही बदलली. मग हा तोच रस्ता आहे, असे तुम्ही कशावरून म्हणता?”

आम्ही निरुत्तर झालो. ताई थोड्या वेळाने म्हणाली, “आजोबा, नाव तेच आहे. आणि पडण्याची भीतीही तीच आहे.”

आजोबा हसले, पण पुढे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांनी आम्हांला उठविले आणि म्हणाले, “चला, तुम्हांला आमचा रस्ता दाखवितो.”

येथे थोडी माहिती सांगणे आवश्यक आहे. निसरपूर हे धार जिल्ह्यातील कुक्षी तहसिलीतले गाव. सरदार सरोवर धरणाची कोनशिला पंडित जवाहरलाल नेहरू यांनी 5 एप्रिल 1961 रोजी बसविली. पुढे अनेक वर्षांनी धरण 138.68 मीटर या पूर्ण पातळीपर्यंत प्रथम भरले ते सप्टेंबर 2019 मध्ये. तेव्हा नर्मदेचे मागे सरणारे पाणी निसरपुरातही शिरले. आजोबांचे घर त्यातच गेले. आज ते राहतात ते नव्या वसाहतीत. तेथील रस्ते सरळ आणि रुंद आहेत, आणि त्या वस्तीलाही निसरपूर असेच म्हणतात. घर सोडल्यापासून आजोबा त्या बाजूला एकदाही फिरकले नव्हते, हे आजीने आम्हांला नंतर सांगितले.

उन्हाळ्यामुळे पाणी पुष्कळ ओसरले होते. गाळाने भरलेल्या जमिनीत घरांचे पाये उघडे पडले होते. आजोबा प्रथम थबकले. मग एका वठलेल्या झाडापाशी उभे राहिले आणि तेथून पावले मोजू लागले. “येथे दुकान होते. येथे वळण. येथून कापसाच्या गाड्या निघत.” अडुसष्ट पावलांनंतर ते थांबले. समोर दगडांची एक ओळ होती, एवढेच. “हा आपला उंबरठा,” ते म्हणाले. आम्ही नकळत पादत्राणे काढली.

परतताना त्यांनी परिक्रमेची गोष्ट काढली. नर्मदा उजव्या हाताला ठेवून, तिचे पात्र कोठेही न ओलांडता, तिला पूर्ण प्रदक्षिणा घालणारे यात्रेकरू जवळच्या कोटेश्वर तीर्थावरून जात. त्यांत मराठी माणसेही पुष्कळ असत. पाणी चढल्यावर काठावरच्या जुन्या वाटा बुडाल्या. यात्रेकरू आता वरच्या, दूरच्या वाटांनी जातात. तरी कोणी म्हणत नाही की परिक्रमा बदलली. “का सांगू?” आजोबा म्हणाले, “वाट बदलली तरी नदी उजव्याच हाताला आहे.”

आतेभावाला फार आनंद झाला. तो म्हणाला, “म्हणजे आजोबा, आमच्या रस्त्यासारखेच झाले की! निसरपूरचीही नवी आवृत्ती निघाली!”

त्यावर आजोबा क्षणभर गप्प राहिले. मग शांतपणे म्हणाले, “तुमच्या खेळात कोणी खाली पडला, की ढगावर बसलेला तो एक प्राणी येतो ना? गळाने उचलून त्याला पुन्हा रस्त्यावर ठेवतो. काल मी पाहिले. आमच्यात ज्यांचे शेत गेले, ज्यांचे शेजार तुटले, त्यांतल्या प्रत्येकाला असे कोणी उचलून ठेवले नाही. एवढा फरक लक्षात ठेव.”

आतेभावाची मान खाली गेली. आजोबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि घरापर्यंत तो काढला नाही.

त्या रात्री आम्ही पुन्हा खेळावयास बसलो. आजोबाही येऊन बसले, आणि आमच्या आग्रहावरून त्यांनी एकदा गाडी हाती घेतली. पहिल्याच वळणावर ते घसरले. ढगावरच्या त्या प्राण्याने त्यांना उचलून रस्त्यावर ठेवले. ते पुन्हा घसरले, पुन्हा उचलले गेले. बाराव्या क्रमांकाने, म्हणजे सर्वांच्या शेवटी, त्यांची शर्यत संपली. पण त्यांनी ती अर्धवट सोडली नाही.

रस्ता कशाने तोच राहतो, याचे उत्तर आम्हांला पुरतेपणी सापडले आहे, असे नाही. परंतु एवढे वाटते की त्याची जुनी वळणे ज्याला आठवतात आणि नव्या माणसांना जो ती पावले मोजून दाखवितो, तो असेपर्यंत रस्त्याचे नाव खोटे होत नाही. येत्या उन्हाळ्यात पाणी ओसरले, की आम्ही पुन्हा तेथे जाणार आहोत. वठलेल्या झाडापासून अडुसष्ट पावले. आम्ही ती लिहून ठेवली आहेत.