व्ही. पी. सोडवली का?

माझं बालपण पार्सलांच्या वासात गेलं. कोरं सुती कापड, खळ आणि वितळलेली लाख यांचा मिळून तो वास असे. माझे वडील, अप्पा, सोलापुरात साखर पेठेतल्या एका चादरीच्या दुकानात दिवाणजी होते. विदर्भातून, कोकणातून पोस्टकार्डं यायची: मोरपिसांच्या नक्षीची जोडी, लाल रंग, व्ही. पी.ने पाठवावी. मग चादरी मांजरपाटात घालून दाभणाने शिवायच्या, शिवणीवर लाख ओतून मोहर उठवायची आणि ठळक अक्षरात पत्ता घालायचा. शाळेला सुट्टी असली की पत्ते घालण्याचं काम माझ्याकडे येई.

व्ही. पी. म्हणजे माल पोस्टमनने दारात आणायचा, पैसे घ्यायचे आणि ते मनीऑर्डरने पाठवणाऱ्याला पोचवायचे. गावात पार्सल आलं की शेजारी विचारत, "व्ही. पी. सोडवली का?" आमच्या घरीही मुंबई-पुण्याहून पुस्तकं अशीच येत आणि अप्पा ती सोडवायला पैसे बाजूला काढून ठेवत. हिंदुस्थानच्या टपालखात्याने ही सोय 1877 साली सुरू केली. सोलापुरात मोरारजी गोकुळदासांची गिरणी, आमची 'जुनी मिल', त्याच सालची. न पाहिलेल्या माणसाला न पाहिलेला माल विकता येतो, हे या देशाला पोस्टमनने शिकवलं, असं मी मानतो.

1972च्या दुष्काळाच्या साली आमच्या कामात एक भर पडली. 15 ऑगस्टपासून पिनकोड आला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर, कोकणातले, टपालखात्यात वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. वडगाव आणि पिंपळगाव आपल्याकडे किती, याची गणती नाही. त्यातून प्रत्येकाची लिपी वेगळी, अक्षर वेगळं. वेलणकरांनी गावाला सहा आकडे दिले आणि भाषेची अडचण संपली. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन वाटप करणारं पोस्ट. आमचं 413001. आज कोणत्याही दुकानाच्या ॲपवर सामान मागवताना पिनकोड टाकावाच लागतो. त्या चौकटीत आकडे भरताना मला वेलणकरांची आठवण होते. त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात असायला हवं.

या सगळ्यात वेब फार उशिरा आलं. टिम बर्नर्स-ली यांनी 1989 साली जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत त्याचा आराखडा मांडला, तो शास्त्रज्ञांचे कागद एकमेकांना जोडण्यासाठी. खरेदी-विक्री त्यात कुठेच नव्हती. 30 एप्रिल 1993 रोजी सर्नने हे तंत्र सगळ्या जगाला मोफत खुलं केलं आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत स्टिंग या गायकाची एक सीडी वेबवरून विकली गेली. किंमत 12 डॉलर 48 सेंट, अधिक टपालखर्च. त्या सौद्याचं महत्त्व एवढंच की क्रेडिट कार्डाचा क्रमांक सांकेतिक रूपात, वाटेत कुणाला वाचता येणार नाही असा गेला. (सांकेतिक खुणांशी आमचं गावही अनोळखी नाही. सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्ड मागावर, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या हुकमाने उठते, आणि चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी हीच पुठ्ठ्यांची कल्पना उचलली होती.)

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झालं. माझी पहिली ऑनलाइन खरेदी मात्र सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं तिकीट. रेल्वेने 2002 साली ती सोय दिली, पण छापील तिकीट कुरिअरनेच घरी येई. पैसे कार्डाने भरायचे आणि कार्ड फार थोड्यांकडे. ही गाठ सोडवली ती जुन्याच रीतीने. बंगळुरूत 2007 साली पुस्तकं विकत सुरू झालेल्या फ्लिपकार्टने 2010 साली 'कॅश ऑन डिलिव्हरी' आणली आणि गावोगावचे लोक धीराने मागवू लागले. मला ती व्ही. पी.च वाटली. माल दारात, पैसे दारात, नको असेल तर परत आणि परतीचा भुर्दंड विकणाऱ्यावर. अप्पांच्या खतावणीतही परत आलेल्या पार्सलांचं वेगळं पान असे.

पण एक गोष्ट हरवली आणि तिचं मला मनापासून दुःख आहे. आमच्या पार्सलावर पाठवणाऱ्याचं नाव ठळक असे. चादर चांगली निघाली की त्याच पत्त्यावर पुन्हा कार्ड येई, नाही निघाली तर तक्रारही तिथेच. आता गिऱ्हाईक ॲपचं नाव सांगतं, विणकराचं नाही. भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी चादरीच्या नावाने दुसरीकडे विणलेला माल सर्रास खपतो. पडद्यावर पोत हाताला लागत नाही, वजन कळत नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली विणकर कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या माग चालवून जे नाव कमावलं, ते असं कुणीही वापरावं हे मला अन्यायाचं वाटतं.

यावर उपाय गिऱ्हाइकाच्या हातात आहे. 2020च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विकणाऱ्याचं नाव आणि पत्ता दाखवणं ऑनलाइन बाजारांना बंधनकारक आहे. तेव्हा पुढच्या वेळी फोनवर सोलापुरी चादर शोधाल, तर किमतीच्या आधी तो पत्ता वाचा. मानांकनाबद्दल विचारा. आणि जमेल तर थेट सोलापूरच्या कारखानदाराला फोन करून मागवा. आमच्याकडून चादर आजही घरपोच येते.