मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर एक रात्र

३१ डिसेंबर जवळ आला की आमच्या चाळीतल्या पोरांना मरीन ड्राइव्हचे वेध लागतात. हॉटेलात जायची ऐपत नाही, पण समुद्राकाठच्या कट्ट्याला तिकीट लागत नाही. या वेळी आमच्या मुलीनेही हट्ट धरला. तिची आई म्हणाली, "रात्रीचं बाहेर नको." शेवटी मीच बरोबर जायचे ठरले.

निघण्यापूर्वी दोन गोष्टी पक्क्या केल्या. चुकामूक झाली तर चर्चगेटच्या तिकीट खिडकीपाशी भेटायचे आणि बारा वाजून गेले की परत फिरायचे. एरवी रात्री एकच्या सुमारास बंद झालेल्या लोकल पहाटे चारच्या सुमारास सुरू होतात. या रात्री रेल्वे जादा गाड्या सोडते. त्यांच्या वेळाही पाहून ठेवल्या.

चर्चगेटहून चालत थोड्या वेळात समुद्र लागतो. नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीपर्यंत साधारण साडेतीन किलोमीटरचा वळणदार रस्ता, त्यावर दिव्यांची रांग. लोक याला 'राणीचा हार' म्हणतात, ते उगाच नाही. जिथे बायकामुले बसली होती, उजेड होता आणि पोलीस दिसत होते, तिथेच आम्ही बसलो. कट्ट्यापलीकडच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर कुणाला उतरू दिले नाही. अंधारात पाय घसरला की संपले.

बाराला एकच गलका झाला. तेवढ्यात प्यायलेल्या टोळक्यातला एकजण मुलीला धक्का देऊन काहीतरी बरळला. आमच्यातला एक पोरगा बाह्या सरसावून उठला. मी त्याचे मनगट धरले. "आधी इथून निघायचं." सगळे एकत्र उठलो, थेट पोलिसांकडे गेलो आणि ते टोळके दाखवून दिले. हवालदार तिकडे गेले.

लोकलमध्ये पोरगा घुश्शातच होता. "काका, आपण पळून आलो."

मी त्याला अंधेरीच्या आंबोलीची गोष्ट सांगितली. २०११ च्या ऑक्टोबरात तिथे दोन तरुणांनी मैत्रिणींची छेड काढणाऱ्याला अडवले. तो निघून गेला आणि थोड्याच वेळात हत्यारबंद साथीदार घेऊन आला. बघे पुष्कळ होते, पण दोन्ही तरुणांचा जीव गेला. २०१६ मध्ये चौघांना जन्मठेप झाली, तरी गेलेली पोरे परत आली नाहीत. त्यांचा काडीचाही दोष नव्हता. पण गेलेला गुंड परत येऊ शकतो, म्हणून पहिल्या बाचाबाचीनंतर त्या जागी थांबू नये.

पोरगा गप्प झाला. मुलगी म्हणाली, "तू दवाखान्यात गेला असतास, तर पुढच्या वर्षी मला घरातून कोण सोडणार होतं?"

तिने मुद्द्याचे सांगितले. एक मारामारी झाली की दार बंद होते ते मुलींसाठी. तिथून निघून येणे म्हणजे अन्याय सोसणे नव्हे. आधी आपली माणसे सुखरूप, मग तक्रार. कुठेही ११२, रेल्वेत १३९ हे नंबर मुलांना पाठ करायला लावा. मुलामुलींना कोंडून ठेवू नका, एकट्यांनाही सोडू नका. रात्र त्यांचीही आहे.

घरी पोचलो तेव्हा तिची आई दारातच उभी होती.