पाण्याची वाट

चंदगड तालुक्यात रेल्वेचा एकही रूळ नाही. मुंबईला निघालेला आमचा माणूस बेळगाव स्टेशन गाठतो आणि रातभर प्रवास करून दादरला उतरतो. कल्याण सोडल्यावर आपण ठाण्याची खाडी ओलांडून साष्टी बेटावर आलो, मग सायनपाशी मुंबई बेटावर, हे त्याच्या गावीही नसतं. माझी उमेदीची वर्षं रेल्वे पुलांच्या कामात गेली. त्या दोन जागा आल्या की आजही मी खिडकी सोडत नाही.

१६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी, तिची साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, हे सगळं शाळेत पाठ होतं. खरी परीक्षा मात्र सायन-कुर्ल्याच्या मधल्या दलदलीत झाली. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांना तिथे भरावावरून रूळ न्यावे लागले. चिखलावर टाकलेली माती खाली बसत जाते, कडेचा चिखल फुगून वर येतो. भराव दम धरेपर्यंत माती टाकत राहण्यावाचून गत्यंतर नसतं. १ मे १८५४ ला ठाण्याच्या खाडीवरून गाडी कल्याणला पोचली आणि रूळ बेटं सोडून मुख्य भूमीला लागले.

वसईच्या खाडीचा प्रश्न सुरतेकडे मार्ग नेणाऱ्या बीबीसीआय रेल्वेने वेगळ्या तऱ्हेने सोडवला. कर्नल केनेडी यांनी त्या मार्गावरच्या पुलांसाठी बिडाचे पोकळ खांब वापरले. खांबाच्या तळाला रुंद पात्याचा स्क्रू असायचा आणि तो फिरवत फिरवत गाळात उतरवायचा. ही युक्ती अलेक्झांडर मिचेल या अंध आयरिश अभियंत्याची. चिखलाशी इतक्या समजुतीने वागणारी दुसरी रचना मला माहीत नाही. १८६४ मध्ये सुरतेचा मार्ग सुरू झाला. भाईंदर आणि नायगाव यांच्या मधलं पाणजू बेट आजही त्या खाडीत आहे. डोक्यावरून गाड्या धडधडत जातात आणि गावकरी नायगावला होडीने येतात.

भराव की पूल, हा निर्णय पैशावर सोडला जातो, कारण भराव स्वस्त पडतो. अमेरिकेत हेन्री फ्लॅगलर यांनी फ्लोरिडाच्या बेटांच्या माळेवरून १९१२ मध्ये की वेस्टपर्यंत रेल्वे नेली. उथळ पाण्यात ठिकठिकाणी भराव घातले होते. २ सप्टेंबर १९३५ च्या वादळात समुद्र त्या भरावांवर तुंबला आणि मैलोगणती मार्ग धुऊन गेला. पूल बहुतेक टिकले. रेल्वे पुन्हा सुरू झालीच नाही. पुढे त्याच पुलांवरून मोटाररस्ता गेला.

आपल्याकडे २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. सायन-कुर्ल्याचे रूळ दर पावसाळ्यात बुडतात. जुन्या दलदलीतून मिठी नदी माहीमच्या खाडीकडे जाते. दीडशे वर्षांत रुळांच्या जोड्या वाढल्या, वस्ती वाढली, पाण्याची जागा तेवढी कमी झाली. रेल्वेचा माणूस म्हणून हे मला टोचतं.

बेळगाव-सावंतवाडी रेल्वेची मागणी आमच्या भागात जुनी आहे आणि ती मीही करतो. तो मार्ग कधी आखला गेला, तर सर्वेक्षणाची तुकडी जुलैत यावी. ताम्रपर्णी आणि घटप्रभा पात्राबाहेर पडून कोणकोणत्या शेतांतून वाहतात ते तेव्हाच दिसतं. तेवढ्या रुंदीच्या मोऱ्या आणि पूल पहिल्याच अंदाजपत्रकात धरावेत.