एकास पन्नास

ओटागो सेंट्रल रेल ट्रेल ही न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरची 152 किलोमीटर लांबीची सायकलवाट. क्लाइड आणि मिडलमार्च या दोन छोट्या गावांच्या दरम्यान ती डोंगराळ, विरळ वस्तीच्या मुलखातून जाते. तिच्यावर मोटारींना मज्जाव आहे. पायी चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना मुभा आहे. मूळचा हा रेल्वेमार्ग. 1861 मध्ये ओटागोत सोने सापडले, दुसऱ्याच वर्षी क्लाइडच्या परिसरात क्लुथा नदीकाठी आणखी मोठा साठा मिळाला, आणि माणसांचे लोंढे आले. रेल्वे मात्र सावकाश आली: मिडलमार्चला 1891, रॅनफर्लीला 1898 आणि क्लाइडला 1907 मध्ये. तोवर सोन्याचे दिवस सरले होते. गाडीने मग लोकर, मेंढ्या आणि फळे वाहिली. शेवटी क्लाइडच्या धरणाचे सामान तिच्यावरून गेले आणि ते काम आटोपल्यावर 1990 मध्ये मार्ग बंद झाला. रूळ उखडले गेले. 1993 मध्ये देशाच्या संवर्धन खात्याने रिकामा पट्टा ताब्यात घेतला, पुलांवर फळ्या आणि कठडे बसवले, बारीक खडी अंथरली. 2000 मध्ये सारी वाट खुली झाली.

वाहने नाहीत हे या वाटेचे निम्मेच सुख. उरलेले निम्मे तिच्या चढात आहे. वाफेच्या इंजिनाला झेपावे म्हणून मार्गाचा चढ कुठेही एकास पन्नासाहून तीव्र ठेवलेला नाही. म्हणजे पन्नास मीटर पुढे जावे तेव्हा एक मीटर वर. आपल्या बोरघाटातल्या रेल्वेचा चढ एकास सदतीस आहे, हे लक्षात घेतले की इथल्या सौम्यपणाचा अंदाज येतो. खंबाटकी आणि वरंध घाटांत सायकल दामटलेल्या प्रस्तुत लेखकाला पहिल्या दिवशी चुकल्याचुकल्यासारखे झाले. गिअर खाली आणायला हात जाई आणि गरज नसे. मात्र असा चढ डोळ्यांना दिसत नाही, मांड्यांना कळतो. वाट सपाट भासते, सायकल जड का चालली आहे ते उमगत नाही, ब्रेक घासतोय की काय म्हणून माणूस उतरून चाक फिरवून पाहतो. चाक मोकळेच फिरते.

चॅटो क्रीक आणि ओमाकाउ यांच्यामधल्या टायगर हिलवर हे गणित उघड्यावर येते. टेकडी सरळ चढता येत नाही म्हणून इंजिनिअरांनी मार्गाला लांबलचक वळसे घातले. वरच्या वळणावरून पाहिले की थोड्या वेळापूर्वी मागे टाकलेला पट्टा खाली दिसतो, आणि एवढे पायडल मारून आपण किती थोडे उंच आलो हेही दिसते. घाटातल्या चढाची मस्ती इथे नाही. ज्याला धाप लागण्यातच मजा वाटते त्याने या वाटेला न येणेच बरे.

मुलूख कोरडा आहे. पश्चिमेकडचे ढग सदर्न आल्प्स अडवतात, त्यामुळे अलेक्झांड्राच्या आसपास वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. पर्जन्यछायेतले असे उघडेबोडके, पिवळट डोंगर पाहून माण-खटावची आठवण होते. फक्त इथे शेळ्यांच्या जागी मेरिनो मेंढ्या आणि उन्हाळ्यातही दुपारनंतर अंगात स्वेटर. शिस्ट खडकाचे सुळके माळावर जागोजागी उभे असतात. कडेला रानगुलाबाची काटेरी झुडपे माजली आहेत. ट्यूबला ठिगळ लावायचे सामान जवळ हवे ते त्यांच्यामुळे. अलेक्झांड्राजवळ वाटेच्या दुतर्फा रानटी थाइम पसरली आहे. टायरखाली तिची डहाळी सापडली की ओव्यासारखा उग्र वास थेट नाकात शिरतो.

लॉडर सोडले की पूलबर्न घळ लागते. साऱ्या वाटेतला सर्वांत देखणा टप्पा हाच. शिस्टचेच दगड घडवून उभारलेल्या खांबांवर, तळापासून 37 मीटर उंचीवर, पूल आहे. शेजारी दोन बोगदे. दोन्ही दोनशे मीटरच्या आसपास लांब, आत दिवा नाही आणि वळण असल्यामुळे मध्यावर दोन्ही तोंडे दिसेनाशी होतात. विजेरी लागतेच. सायकलवरून उतरून चालणे शहाणपणाचे, कारण समोरूनही कोणीतरी येत असते आणि अंधारात अंतराचा अदमास येत नाही. भिंतीवर प्रकाश टाकला तर पहारीच्या खुणा आणि वर इंजिनाच्या धुराची काजळी अजून दिसते. प्रस्तुत लेखकाच्या पत्नीने मध्येच विजेरी मालवून पाहिली. ‘अहो, तुमचा हात कुठंय?’ एवढाच प्रश्न आला आणि विजेरी लगेच पेटली.

पुढे आयडा खोऱ्यातून ओटुरेहुआ आणि मग वेडरबर्न. इथेच 618 मीटरवर वाटेचा सर्वोच्च बिंदू आहे, पण पाटी नसती तर तो कळलाही नसता. वेडरबर्नचा हिरव्या पत्र्याचा मालधक्का ग्रॅहम सिडनी या चित्रकाराच्या चित्रामुळे देशभर ओळखला जातो, आणि सायकलस्वार त्याच्यासमोर फोटो काढल्याशिवाय हलत नाहीत. यानंतर मॅनिओटोटोचे पठार. इथून उताराला लागायचे म्हणून मन हलके होते. पण उताराची सवलत वारा काढून घेतो. झाड नाही, आडोसा नाही, आणि समोरून वारा सुटला तर एकास पन्नासच्या उतारावरही पायडल मारावे लागते. प्रवासाची आखणी किलोमीटर पाहून करतात, ती वाऱ्याचा अंदाज पाहून करावी. सकाळी लवकर निघावे आणि दुपारपर्यंत मुक्काम गाठावा, हे इथले स्थानिकही सांगतात.

आडोसा मिळतो तो गँगमनच्या चौक्यांचा. रूळ तपासणाऱ्या टोळ्यांच्या खोपटांसारख्या या पत्र्याच्या खोल्या ठरावीक अंतराने बांधल्या आहेत. आत बाक आणि त्या त्या टप्प्याचा इतिहास सांगणारे फलक. बाहेर पत्रा वाऱ्याने थडथडत असताना आत शेंगदाण्याचा लाडू खात पुलाच्या बांधणीची माहिती वाचणे ही या सहलीतली नित्याची गोष्ट. खडीच्या सततच्या हादऱ्यांनी बधिर झालेली बोटेही तेवढ्यात मोकळी होतात. रस्त्याच्या सायकलीचे अरुंद टायर इथे उपयोगाचे नाहीत. रुंद टायर आणि जाड हातमोजे घ्यावेत.

गावे रेल्वेच्या स्थानकांच्या अंतराने वसलेली आहेत आणि सायकलस्वाराच्या भुकेला तेच अंतर नेमके जुळते. रूळ गेल्यावर यांतली बरीच गावे उतरणीला लागली होती. वाट होऊ घातली तेव्हा शेतकऱ्यांमध्ये नाराजी होती: अनोळखी लोक शेतांमधून जाणार, फाटके उघडी टाकणार, मेंढ्या बुजणार. आता त्याच शेतघरांत खाटा भाड्याने मिळतात, जुन्या पबांत जेवण मिळते आणि सामानाच्या पिशव्या एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी व्हॅनने पोचत्या होतात. शाकाहाऱ्याची मात्र पंचाईत. तळलेले बटाटे आणि दक्षिणेकडची खासियत असलेला चीज रोल, म्हणजे चीजचे सारण भरून गुंडाळून भाजलेला पाव, यांवर दिवस काढावे लागतात. चीज रोल गरम असेल तर तक्रारीला जागा नाही.

रॅनफर्लीनंतर वायपियाटा आणि कोकोंगा करत वाट टायेरी नदीच्या सोबतीने दक्षिणेला वळते. हाइडजवळ 4 जून 1943 रोजी डनेडिनकडे भरधाव निघालेली एक्स्प्रेस वळणावर रुळांवरून उतरली आणि 21 माणसे दगावली. त्या अपघाताचे स्मारक वाटेजवळच आहे. बरेच जण तिथे थांबतात. त्यापुढे उजव्या हाताला रॉक अँड पिलरची रांग शेवटपर्यंत सोबत करते आणि सपाटीवर मिडलमार्च येते.

मिडलमार्चच्या पुढे डनेडिनच्या दिशेने टायेरीच्या घळीतून जाणारे रूळ शाबूत ठेवलेले आहेत, त्यामुळे सायकलवाट इथेच संपते. पुढचे ऐंशीएक किलोमीटर मोटारीच्या रस्त्याने कापावे लागतात. बहुतेक जण सायकली ट्रेलरवर चढवून व्हॅनने जातात. क्लाइडला मोटार ठेवून आलेल्यांनाही व्हॅन परत नेते. तिची जागा आधीच राखून ठेवावी लागते, सुट्ट्यांच्या दिवसांत तर नक्कीच.