खाली काहीतरी हलकं आहे

शिरपूरजवळच्या एका बांधावर मी ग्रॅव्हिमीटर ठेवून वाकले होते, तेव्हा शेताच्या मालक आजोबांनी विचारलं, "ताई, पाणी कितीवर लागेल?"

मी पाणी शोधत नव्हते. बसाल्टचा लाव्हा पसरला साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. त्याआधी साचलेला गाळ त्याच्याखाली दबून राहिलाय का, किती जाड आहे, हे पाहत होते. वाळूखडक बसाल्टपेक्षा हलका असतो. तो खाली जाड असेल तर गुरुत्वाकर्षण किंचित कमी भरतं. पृथ्वीचं आकर्षण सुमारे ९,८०,००० मिलीगाल. आम्ही त्यातल्या पाच-दहा मिलीगालच्या मागे. जागेची उंची मोजताना एक मीटरची चूक झाली तरी ०.३ मिलीगाल इकडेतिकडे होतात. यंत्राचा काटा आपोआप सरकतो, म्हणून दर काही तासांनी पहिल्या जागी परत जायचं.

गाळाचे खडक जवळजवळ चुंबकीय नसतात. त्यामुळे एरवी मॅग्नेटोमीटरवरून तळाच्या खडकाची खोली काढता येते. इथे वरचा बसाल्टच इतका चुंबकीय, की खालचं काही ऐकू येत नाही.

महिनाभराने कंप्युटरवर मी दीड किलोमीटर जाडीचं गाळाचं खोरं काढलं. मोजलेली आणि काढलेली रेघ तंतोतंत जुळली. मी खूश. वरिष्ठ म्हणाले, "आता गाळ पुसून टाक. पायातच हलक्या ग्रॅनाइटचा गोळा घाल." घातला. रेघ तेवढीच जुळली.

किल्लारीला १९९३च्या भूकंपानंतर घेतलेल्या बोअरमध्ये ३३८ मीटर बसाल्टखाली जेमतेम ८ मीटर गाळाचा थर निघाला. कोयनेजवळ सुमारे ९३० मीटर बसाल्टखाली थेट ग्रॅनाइटी पाया, गाळ नाहीच. या दोन्ही गोष्टी कळल्या त्या खोदल्यावर.

काम देणाऱ्यांना एकच चित्र हवं होतं. त्यावरून पुढचा खर्च ठरणार होता. मी दोन्ही जोडली, आणि त्यांतलं कुठलं खरं हे केवळ या आकड्यांवरून सांगता येणार नाही, असंही लिहिलं. ते त्यांना आवडलं नाही.

त्या दिवशी आजोबांना मात्र मी इतकंच म्हणाले होते, "हे यंत्र पाण्याचं नाही. खाली काहीतरी हलकं आहे, एवढंच सांगतं."

"काय आहे ते?"

"खोदल्याशिवाय नाही कळत."

"तीन बोअर कोरडे गेले माझे," ते म्हणाले, आणि मला चहाला घेऊन गेले.