तानसेच्या वाटेवर गळ घेऊन

पाणी कोठून येतें, असें मुंबईच्या मुलास विचारलें तर तें नळाकडे बोट दाखवितें. त्याहून चौकस मूल असेल तर इमारतीच्या गच्चीवरील टाकी दाखवितें. परंतु टाकीच्या मागें रस्त्याखालचा नळ, त्या नळाच्या मागें डोंगरापल्याडून आलेला प्रचंड लोखंडी पाइप, आणि त्या पाइपाच्या मुळाशीं सागाच्या रानानें वेढलेला एक शांत तलाव आहे, हें ज्याला ठाऊक नाहीं, त्याला शाळेंत भूगोलाचे पैकीच्या पैकी गुण मिळाले तरी त्याचा भूगोल कच्चाच म्हटला पाहिजे. येत्या थंडींत दोन दिवस मोकळे काढून बापलेकांनीं किंवा मायलेकरांनीं तानसेकडे जावें, अशी आमची सूचना आहे. बरोबर एक गळ असूं द्यावा. तो कोठें टाकावा व कोठें टाकूं नये, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. त्याचाहि विचार पुढें करूं.

प्रथम वाहनाविषयीं. अलीकडे कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचें घर घेऊन हिंडण्याची हौस आपल्याकडेहि वाढूं लागली आहे. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरणहि जाहीर केलें. कल्पना परकी वाटते, पण वस्तुतः ती आपल्या ओळखीची आहे. यात्रेस निघालेली बैलगाडी दुसरें काय होती? वर तट्ट्याचें छप्पर, आंत गवताचें अंथरूण, मागें बांधलेली घागर, आणि मुक्कामाच्या जागीं तीन दगडांची चूल. मात्र भाड्याची मोठी निवासी मोटार मध्यम स्थितीच्या कुटुंबास परवडतेच असें नाहीं. हिशेब पाहावा. मुंबईहून तानसा सुमारें शंभर किलोमीटर. जाणें, येणें व तेथील हिंडणें मिळून अडीचशें किलोमीटर धरलें, तर लिटरला आठ किलोमीटर जाणाऱ्या मोठ्या गाडीस ३१ लिटर तेल लागेल. लिटरला पंधरा किलोमीटर जाणाऱ्या घरच्या मोटारीस १७ लिटर पुरेल. शिवाय मोठ्या गाडीचें रोजचें भाडें व चालकाचा भत्ता वेगळाच. म्हणून घरच्याच मोटारीचें मागचें आसन आडवें करून त्यावर सतरंजी व दोन गोधड्या घालाव्या, खिडक्यांना मच्छरदाणीचें कापड लावावें, आणि पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरांचा डबा, शेगडी, पोहे, तूप, मेतकूट व लाडवांचा डबा बरोबर घ्यावा, म्हणजे दोन माणसांचें चाकांवरचें घर तयार झालें. ज्यांच्याजवळ मोटार नाहीं त्यांनीं हिरमुसण्याचें कारण नाहीं. कसाऱ्याच्या लोकलनें आटगांवास उतरून पुढची वाट स्थानिक वाहनानें सहज होते, आणि त्याचा खर्च तर सर्वांत कमी.

मोटारीनें जाणाऱ्यांनीं नाशिकचा हमरस्ता धरावा. ठाणें, भिवंडीचा फांटा, पडघें, वासिंद व शहापूर मागें टाकून आटगांवाशीं आलें कीं डावीकडे तानसेचा रस्ता फुटतो. शहापूर येण्यापूर्वींच डावीकडे माहुलीचे सुळके दिसूं लागतात, ते मुलास अवश्य दाखवावे. १६३६ सालीं निजामशाहीच्या अखेरच्या झुंजींत शहाजी राजांनीं ज्या गडाचा आश्रय केला, तो हा माहुली. शिवाजी महाराज त्या वेळीं अवघे सहा वर्षांचे होते. सहलीस निघालेलें आपलें मूल त्याच सुमाराच्या वयाचें असेल, तर इतिहासाच्या पुस्तकांतील एक ओळ त्याच्या मनांत कायमची रुजेल.

तानसेचें धरण १८९२ सालीं पुरें झालें. त्यापूर्वीं मुंबईची तहान विहार व तुळशी या तलावांवर भागत असे. विहार १८६० चा आणि तुळशी १८७९ चा. शहर वाढलें, गिरण्या वाढल्या, आणि साष्टीच्या टेकड्यांतील पाणी पुरेनासें झालें. तेव्हां खाडी ओलांडून इतक्या दूर यावें लागलें. दगडी बांधकामाची ही भिंत सुमारें पावणेतीन किलोमीटर लांब आहे. वाफेच्या यंत्रांच्या त्या काळांतहि तिची उभारणी मुख्यतः माणसांच्या हातांनींच झाली, हें तिचे घडीव दगड पाहतांना ध्यानांत येतें. तलावांत सुमारें १४,५०८ कोटी लिटर उपयुक्त पाणी मावतें. मुंबईस पाणी देणाऱ्या सात तलावांच्या एकूण सांठ्याचा हा साधारण दहावा हिस्सा होय. तलाव शहराहून उंचावर असल्यामुळें पाणी केवळ उताराच्या जोरावर तेथवर पोंचतें. पाणी आपली पातळी शोधतें, हा शाळेंतील धडा येथें शंभर किलोमीटर लांबीच्या प्रयोगानें सिद्ध झालेला मुलास दाखवितां येतो.

आतां गळाची गोष्ट. तानसा तलावांत गळ टाकावयाचा नाहीं. हा तलाव मुंबई महानगरपालिकेच्या ताब्यांत असून त्यांतील पाणी लाखों लोकांच्या मुखांत जातें. तलावाभोंवतीं तीनशें चौरस किलोमीटरांहून अधिक रान अभयारण्य म्हणून राखलेलें आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तेथें परवानगीवांचून शिरणें व कोणताहि जीव धरणें मना आहे. त्या रानांत मोटार उभी करून रात्र काढणेंहि तितकेंच गैर. ‘एका काठीनें काय होतें’ असें म्हणून बापानें कुंपण ओलांडलें, तर मूल मासे धरावयास शिकेल कीं नाहीं हें सांगतां येत नाहीं. कायदा मोडावयास मात्र खचित शिकेल. तानसेस जावें तें पाहण्यासाठीं. साग, ऐन, खैर, मोह व पळस यांचें हें रान आहे. जो वनपिंगळा शंभराहून अधिक वर्षें कोणास दिसला नव्हता आणि नामशेष झाला असेंच मानलें जाई, तो १९९७ सालीं खानदेशांत शहाद्याजवळ पुन्हां सांपडला, आणि २०१४ सालीं याच तानसेच्या रानांत दिसला. दिवसां वावरणारें हें लहानसें घुबड पाहावयास मिळालें तर भाग्य. न मिळालें तरी तें येथें आहे एवढें जाणून रान पाहणें निराळें.

मग गळ टाकावा कोठें? धरणाखालीं, अभयारण्याच्या बाहेर, तानसा नदी वज्रेश्वरीकडे वाहात जाते. शहापूर तालुक्यांत भातसा आहे. मुरबाड तालुक्यांतून काळू टिटवाळ्याकडे जाते. अशा नदीच्या कांठीं, गांवकऱ्यांस विचारून, उथळ व संथ जागीं बसावें. लहान पाझर तलाव व बंधारे यांत मासेमारीचा ठेका बहुधा एखाद्या सहकारी संस्थेस दिलेला असतो. तेथें त्या संस्थेची परवानगी घ्यावी आणि मागतील तें मूल्य द्यावें. मासा हा फुकटचा माल नसून कोणाच्या तरी पोटाची मिळकत आहे, हें मुलास यावरून कळतें.

साहित्य थोडकें असावें. एक बांबूची सरळ काठी, तिच्याच लांबीचा नायलॉनचा दोरा, बाशिंगास वापरतात त्या भेंडाचा तरंगता तुकडा, शिशाचा एक मणी आणि लहान आंकडा. आंकड्याच्या टोंकाजवळ जो उलटा दांता असतो, तो पकडीनें दाबून सपाट करावा. म्हणजे मासा इजा न होतां सुटतो, आणि मुलाच्या बोटांत आंकडा रुतला तरी तोहि सहज निघतो. आमिषासाठीं गांडुळें शोधण्याची गरज नाहीं. कणकेचा घट्ट गोळा व त्यांत चिमूटभर हिंग, एवढ्यावर नदींतले लहान मासे खुशाल येतात. आपल्या स्वयंपाकघरांतील कणीक व हिंग हेंच माशाचेंहि पक्वान्न असावें, याची मुलांस मोठी गंमत वाटते.

ही विद्या साहेबांनीं आणली असा पुष्कळांचा समज आहे. बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें ‘मानसोल्लास’ नांवाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यांत राजाच्या विनोदांमध्यें ‘मत्स्यविनोद’ या नांवाचें एक प्रकरण असून माशांच्या जाती, त्यांना घालावयाचीं आमिषें, दोरा व काठी यांचें वर्णन आलें आहे. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओव्या गातात, असा उल्लेख ज्या ग्रंथांत येतो तोच हा ग्रंथ. तेव्हां आजीची ओवी आणि नातवाचा गळ यांची सोयरीक बरीच जुनी आहे.

तरीहि आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या मनांत एक शंका येईल, आणि ती योग्यच आहे. ज्या घरांत मासा ताटांत येत नाहीं, त्या घरच्या मुलानें तो केवळ करमणुकीसाठीं कां धरावा? सारस्वत घरांत हा प्रश्न उठणार नाहीं. देशस्थ-कोंकणस्थ घरांत उठेल. धरून सोडून दिला तरी माशास वेदना होतच असणार, हें आम्हांस मान्य आहे. आमचें मत असें कीं, या प्रश्नाचें उत्तर बापानें घरूनच बांधून नेऊं नये. मुलास पाण्याकांठीं बसवावें, आंकडा त्याच्या हातीं द्यावा, आणि पहिला मासा लागला कीं ओल्या हातानें तो धरून त्याकडे नीट पाहूं द्यावें. कोरड्या हातानें माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो व मागाहून त्यास रोग जडतो, म्हणून हात ओलाच हवा. मग ‘पुन्हां टाकावयाचा का?’ एवढेंच विचारावें. एखादें मूल हो म्हणेल, एखादें काठी खालीं ठेवील. दोन्ही उत्तरें ऐकून घ्यावीं व त्यांवर व्याख्यान देऊं नये. दया शिकविण्यासाठीं सुभाषितें पाठ करून घेणारे आपण, दयेचा निर्णय स्वतः करण्याची संधि मुलांस फारच थोड्या वेळां देतों.

या मुलखांत मासा हा ज्यांच्या करमणुकीचा नव्हे तर भाकरीबरोबरचा विषय आहे, असे लोक नदीवर भेटतील. कातकरी, वारली, ठाकूर यांची ही भूमि. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला कीं मासे अंडीं घालण्यासाठीं प्रवाहाच्या उलट ओढ्यांत व शेतांत चढतात. त्यास इकडे वलगण म्हणतात, आणि त्या दिवसांत गांवचे गांव मासे धरावयास लोटतें. ज्यांचें वर्ष त्यावर अवलंबून आहे त्यांची गोष्ट निराळी. हौसेच्या माणसानें मात्र जून ते ऑगस्टपर्यंत गळास हात लावूं नये. एक तर तो माशांच्या विणीचा काळ, आणि दुसरें म्हणजे तेव्हां धरण भरून दरवाजे उघडले कीं नदी घटकेंत चढते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ उत्तम. तेव्हांहि मुलास लाइफ जॅकेट घातल्यावांचून पाण्याजवळ नेऊं नये, शेवाळलेल्या खडकावर उभें राहूं देऊं नये, आणि डोहांत पोहण्याचा मोह मोठ्यांनींहि आवरावा. कातकऱ्याचा मुलगा काय करतो तें पाहावें. पाण्याचा ठाव त्यास जितका असतो तितका आपल्यास दहा पुस्तकें वाचूनहि येणार नाहीं.

रात्रीचा मुक्काम शहापुरास किंवा एखाद्या शेतकऱ्याच्या अंगणांत, त्याचें भाडें ठरवून, करावा. गाडी घराजवळ उभी असली म्हणजे शौचकूप व विहीर यांची सोय होते आणि बिबट्याच्या रानांत भय राहात नाहीं. जेवण घरच्या बाईंकडे सांगावें. तांदळाची भाकरी, उडदाचें वरण व एखादी रानभाजी हें जेवण आपल्या डब्यांतील पदार्थांहून बरें असतें, आणि चार पैसे त्या घरांत राहतात.

दुसऱ्या दिवशीं शहापुराहून किन्हवलीच्या बाजूनें मुरबाडकडे यावें. पौष पौर्णिमेचा सुमार असेल तर म्हसे येथील यात्रा व तेथील बैलांचा बाजार पाहावा. मुरबाडच्या पूर्वेस सह्याद्रीची भिंत उभी आहे. तिच्यांतील सिद्धगडाच्या पायथ्याच्या रानांत २ जानेवारी १९४३ रोजीं भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना इंग्रजी पोलिसांच्या गोळ्यांनीं वीरमरण आलें. शिकलेला वकील आणि गांवचा तरुण एकाच रानांत देशासाठीं पडले, हें मुलास सांगतांना स्वर उंच करण्याची गरज नाहीं. तेथून कल्याणमार्गें संध्याकाळीं घरीं पोंचतां येतें.

एक गोष्ट सांगावयाची राहिली, आणि ती सर्वांत महत्त्वाची. ज्या शहापूर तालुक्यांतून तानसेचें व भातसेचें पाणी मुंबईस जातें, त्याच तालुक्यांतील अनेक पाड्यांना दर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. पाइप दाराशीं असून घागर रिकामी, असें हें चित्र आहे. ज्या घरीं मुक्काम कराल त्या घरच्या बाईंस मुलानेंच विचारावें: ‘चैत्र-वैशाखांत तुम्ही पाणी कोठून आणतां?’ तें उत्तर त्याला कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत मिळणार नाहीं. घरीं परतल्यावर दांत घांसतांना त्यानें नळ आपण होऊन बंद केला, तर सहलीचे सतरा लिटर तेल वायां गेलें नाहीं असें समजावें.