लाल शाई

इंग्रजी शिकविणाऱ्या माणसाची काळावर हुकमत चालते, असा माझा पुष्कळ वर्षे समज होता. वाक्यात ‘यस्टरडे’ दिसला की ‘हॅव’ खोडायचा. ‘फॉर टेन इयर्स’ दिसले की ‘हॅव’ घालायचा! आपण मराठीत ‘मी कालच पत्र लिहिले आहे’ असे खुशाल म्हणतो. इंग्रजीला ते खपत नाही. मग मला तरी कसे खपावे?

एकदा ‘माझे वडील’ हा निबंध दिला होता. एका मुलाने लिहिले, ‘माय फादर वर्क्ड इन अ प्रेस फॉर टेन इयर्स.’ मी लाल शाईने ‘हॅज’ घातला आणि सबंध वाक्य पाच वेळा लिहून आणायला सांगितले. त्याने ते वळणदार अक्षरात आणले. मी खाली सही करणार, तोच तो हळूच म्हणाला,

“सर, ‘हॅज’ घातला की बाबा अजून कामावर जातात, असा अर्थ होतो ना?”

“अर्थात!”

“मग ते चुकलं, सर. बाबा श्रावणात गेले.”

नियम मला पाठ होता. पण ‘वर्क्ड’ की ‘हॅज वर्क्ड’, हे नियमाने ठरत नाही. ते माणसाला विचारावे लागते. मी विचारले नव्हते.

मी एकेका ओळीतला माझा ‘हॅज’ खोडू लागलो. पाचव्या ओळीशी आलो, तर त्याने वहीवर हात ठेवला.

“ही एक राहू द्या, सर.”

ती चूक मी तशीच राहू दिली.